कर्ज लपवू नका



सोसायटीचे पीककर्ज, गटाचा हप्ता, मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून घेतलेले पैसे आणि मोटरसायकलची किस्त, असे चार ठिकाणचे देणे एकत्र आले की घरचा कर्ता माणूस गप्प होतो. जुने फेडायला नवे काढतो. घरात कोणी काही बोलत नाही. पण मूल शाळा बुडवू लागते, तेव्हा आम्हा शिक्षकांना सारे कळून येते.

आमचे म्हणणे एवढेच, की कर्ज होणे हे पाप नाही. ते लपविण्यात खरा धोका आहे.

आपला बालाघाट जिल्हा पूर्वी मध्यप्रांतात होता. मंदीत धान्याचे भाव कोसळले तेव्हा, 1933 साली, या प्रांताने कर्ज-समेटाचा कायदा केला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून रक्कम ठरवायची व हप्ते बांधून द्यायचे, अशी ती रीत होती. आजही मार्ग तोच आहे.

प्रथम एका कागदावर सगळे देणे लिहा : कोणाचे, किती, व्याज काय. जास्त व्याजाचे आधी फेडा. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. पीक बुडाले असेल तर तसे लेखी कळवा. गटाच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केला, की सर्व कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. वसुलीसाठी धमकावणे, शिवीगाळ करणे यांस मनाई आहे.

समेट होत नसेल तर लोकअदालत आहे. तेथे कोर्ट फी लागत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्नाच्या लोकांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर विचारावे. अगदीच इलाज नसेल, तर 1920 च्या कायद्याखाली नादारीचा अर्ज करता येतो. पण तो शेवटचा उपाय समजावा.

हेही ध्यानात ठेवा : ज्याच्यापाशी खरोखरच काही नाही, त्याला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली सांगितले. चेक न वटण्याची गोष्ट मात्र वेगळी. म्हणून कोरे चेक कोणास देऊ नका. साध्या देण्याच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे जप्त होत नाहीत.

विश्वस्तांना आमची विनंती आहे, की भातकापणीनंतरच्या एखाद्या रविवारी प्राधिकरणाच्या वकिलांना शाळेत बोलवावे. पालकांनी आपापला कागद घेऊन यावे. फी थकली असेल तर मुलाला घरी बसवू नका, आमच्याशी बोला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही व्याजाची गणिते शिकता ना? मग आईबाबांचा तो कागद लिहायला तुम्हीच बसा.