दोन रात्रींचे जहाज आणि सूर्यास्ताचे वेळापत्रक

दिवाळीचे हिशेब मिटले, नव्या वह्यांचे पूजन झाले, की आपल्या घराघरांतून सहलीचा विषय निघतो. पूर्वी शिखरजीला जावे की माथेरानला, एवढाच काय तो प्रश्न असे. अलीकडे त्यात मुंबई-गोवा जहाजाची भर पडली आहे. दोन रात्री, तीन दिवस, राहणे-जेवण-मनोरंजनासह, आणि किंमत एखाद्या बऱ्या हॉटेलाइतकी. गेल्या काही महिन्यांत निदान चार वाचक भगिनींनी मला याविषयी विचारले. गेल्या जानेवारीत आम्ही उभयता सासूबाईंना घेऊन हा प्रवास केला. तेव्हा उत्तर अनुभवाचेच देते.

सासूबाईंना नेण्याचे कारण निराळे होते. त्यांचे माहेर रत्नागिरीचे; वडिलांचे तिथे कापडाचे दुकान होते. लहानपणी त्या मुंबईस येत त्या आगबोटीने. बोट बंदरापासून दूर उभी राही, उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावयाचे आणि दोराच्या आधाराने वर चढवायचे. डेकवर सतरंजी टाकून, पुरणपोळीचा डबा उशाशी ठेवून, भाऊच्या धक्क्यापर्यंत रात्र काढायची. रस्ते सुधारले, पुढे ती बोटसेवाही बंद झाली. ‘एकदा समुद्रातून रत्नागिरी पाहायची आहे,’ असे त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हणाल्या, तेव्हा नाही म्हणण्याचे कोणाचे धाडस झाले नाही.

प्रथम पैशाचे बोलू, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. जाहिरातीतील आकडा हा माणशी असतो, आणि तोही दोघांनी एक केबिन घेतल्यास. त्यावर बंदर शुल्क, सेवकांच्या बक्षिसीची ठरीव रक्कम आणि कर चढतात. आमच्या बाबतीत जाहिरातीतील भाडे आणि शेवटी भरलेली रक्कम यांत सुमारे एक तृतीयांश फरक पडला. यात लबाडी अशी काही नव्हती; सारे खाली बारीक अक्षरात लिहिलेले होते. दुकानात पक्के बिल मागितल्याशिवाय मालाला हात न लावणारे आपण, सहलीच्या बाबतीत मात्र मोठ्या अक्षरांवर विश्वासून मोकळे होतो. जहाजावर रोख रक्कम चालत नाही. केबिनचे कार्डच दाखवायचे आणि शेवटच्या दिवशी खाते चुकते करायचे. बाटलीबंद पेये, इंटरनेट, गोव्यातील बसची फेरी, खास भोजनगृह, मुलांचे काही खेळ, हे सारे निराळे. उधारीचे खाते जसे रोज संध्याकाळी पाहावे, तसे हेही पाहावे. तरुण मुले बरोबर असल्यास हे अधिकच खरे. जहाजावर कॅसिनो आणि मद्यगृह असते व रात्री मोठ्या आवाजात संगीत चालते, याची कल्पना घरच्यांना आधीच देऊन ठेवावी. तिथे गेल्यावर नाके मुरडण्यात अर्थ नाही.

केबिनच्या निवडीत आमचे चुकले. सर्वांत स्वस्त केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. ‘झोपायलाच तर जायचे आहे, खिडकी हवी कशाला?’ असे यजमान म्हणाले आणि मीही मान डोलावली. तिघांत एक केबिन म्हणजे दोन पलंग आणि तिसरी, भिंतीतून खाली येणारी वरची बर्थ. त्या बर्थवर यजमान चढले. अडचण वेगळीच निघाली. दिवा मालवला की त्या केबिनमध्ये दुपारचे दोन आणि पहाटेचे चार सारखेच. सासूबाईंची नवकारसी असते. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि आजवर त्यांनी त्यासाठी घड्याळापेक्षा खिडकीवर अधिक भिस्त ठेवलेली. पहिल्या पहाटे त्या साडेपाचपासून अंधारात बसून होत्या. मला हाक मारण्याचा संकोच वाटला म्हणून तशाच बसून राहिल्या. घरात वृद्ध व्रतस्थ माणूस असेल तर खिडकीच्या केबिनचे जास्तीचे पैसे आनंदाने द्यावेत. ती जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावा अधिक जाणवतो. मळमळ होत असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. डोके गरगरू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आता जेवण. आरक्षण करताना मी ‘जैन भोजन’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि ते होतेही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही नाही. वाढणाऱ्यांनाही ते नेमके ठाऊक होते. पण स्वयंपाकघराच्या दृष्टीने ‘जैन’ म्हणजे काय घालायचे नाही, एवढेच. केव्हा खायचे नाही, हे त्या शब्दात येत नाही. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, आणि जहाजावरील रात्रीचे जेवण साडेसातला. पहिल्या दिवशी दुपारी तीनला आम्ही चढलो. चारला सुरक्षेची कवायत झाली. पाचला जहाजाने बॅलार्ड पिअर सोडले, तेव्हा सर्व जण मुंबईचा किनारा मागे जाताना पाहण्यात गुंग. मला भान आले तेव्हा पावणेसहा वाजले होते, आणि खाद्यकक्षात चहा, बिस्किटे व अंड्याचा संशय यावा असे केक उरले होते. सासूबाईंनी पिशवीतला डबा काढला, दोन खाकरे आणि थोडा सुका मेवा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि पच्चक्खाण घेतले. तोंडाने एक शब्द नाही. मला मात्र रात्री ते पंचपक्वान्न गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी भोजनव्यवस्थेच्या प्रमुखांना गाठून सांगितले. ते तरुण गृहस्थ मंगळूरकडचे. त्यांनी एवढेच विचारले, ‘आजींना किती वाजता?’ संध्याकाळी सव्वापाचला गरम फुलके, मुगाची डाळ, कोबीची भाजी आणि भात असे ताट तयार होते. तेव्हा आरक्षण करतानाच ‘सूर्यास्तापूर्वी’ हा शब्द वेळेसह लिहावा, आणि चढल्याबरोबर पुन्हा प्रत्यक्ष सांगावे. भांडी आणि स्वयंपाकघर सामायिक असते, हेही समजून असावे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी हा प्रवास न केलेला बरा. केबिनमध्ये किटली, इस्त्री, उदबत्ती, निरांजन यांपैकी काहीही नेता येत नाही. समुद्रावर आगीइतके भय कशाचेच नाही. उकळलेल्या पाण्यासाठी स्टीलची बाटली न्यावी; चहाच्या कक्षातील गरम पाणी भरून घेता येते. घरचे कोरडे पदार्थ किती चालतील, हे मात्र आधी विचारावे.

त्या कवायतीचा मघाशी उल्लेख केला. ती चुकवू नये. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे ते शिकायचे. 1912 साली टायटॅनिक बुडाल्यानंतर समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यातून हे नियम आलेले आहेत.

व्यापारी मंडळींसाठी एक सूचना. किनारा दूर गेला की फोनची रेंज जाते, आणि जहाजाच्या उपग्रही नेटवर्कने फोन आपोआप जोडला गेल्यास बिल डोळे पांढरे करते. फोन विमानाच्या मोडवर ठेवावा. यजमानांचा पहिला अर्धा दिवस अस्वस्थतेत गेला. नंतर ते सासूबाईंशी लहानपणीच्या गोष्टी बोलत बसले. एवढा वेळ ते घरी कधी बसलेले मला आठवत नाही.

गोव्याविषयी फार अपेक्षा ठेवू नयेत. जहाज मुरगाव बंदरात लागते. तिथून पणजीस जाण्या-येण्यातच हाती असलेल्या वेळाचा मोठा भाग संपतो, आणि परतण्याची वेळ चुकली तर जहाज थांबत नाही. कुडणे येथील प्राचीन जिनालयाचे अवशेष पाहण्याची माझी फार इच्छा होती, पण डिचोली तालुक्यापर्यंत जाऊन येणे त्या वेळेत बसणारे नव्हते. आम्ही उतरलोच नाही. बहुतेक प्रवासी उतरून गेल्यामुळे डेक शांत होता, आणि सासूबाईंची सामायिक तिथे छान झाली. ‘पूर्व कुठे गं?’ असे त्यांनी विचारले. चालत्या जहाजावर हा प्रश्न सोपा नसतो. गोव्याकडे जाताना किनारा आणि सूर्योदय डावीकडे, परतताना उजवीकडे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आणि रत्नागिरी? ती राहिलीच. जहाज संध्याकाळी निघते, त्यामुळे कोकणचा सारा किनारा रात्रीच सरतो, आणि मार्ग किनाऱ्यापासून बराच आत असतो. हे मी आधी विचारायला हवे होते, विचारले नाही. पहिल्या रात्री साडेबाराला सासूबाईंनी यजमानांना उठवले. अंगावर शाल घेऊन आम्ही तिघे डेकच्या डाव्या बाजूला गेलो. नाचगाण्याचा आवाज वरून येत होता. दूर क्षितिजावर काही दिवे दिसत होते. किनाऱ्याचे की मासेमारी नौकांचे, ते कळण्यास मार्ग नव्हता. एक दिवा ठराविक अंतराने उजळून मावळत होता. ‘तो दीपस्तंभ असेल,’ यजमान म्हणाले. सासूबाई पाऊण तास कठडा धरून उभ्या होत्या. त्यांच्या बाबांच्या दुकानाचा परवाना कोणाच्या नावे होता, पडावात पाऊल टाकताना आई नवकार कसा म्हणत असे, असे बरेच काही त्या बोलल्या. त्यातले निम्मे वाऱ्यात गेले.

पुण्याला घरी परतल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती डबा उघडून खाकरे मोजण्याची. अकरा उरले होते. ‘पुढच्या वेळी कमी न्यायचे,’ त्या म्हणाल्या, ‘आणि खिडकी घ्यायची.’