सुट्टीतली मालवणची संध्याकाळ

प्रजासत्ताक दिनाला शनिवार-रविवार जोडून आला की मुंबईच्या गाड्या भरभरून कोकणात येतात. आपली माणसेही येतात. कोणाकडे लग्नाची बोलणी असतात, कोणाच्या विहारात कार्यक्रम असतो, कोणाला घराची डागडुजी करायची असते. कामे उरकतात आणि माणसे परतीची गाडी धरतात. तासा-दीड तासावर मालवण असते, समुद्र असतो, तो बघायचा राहून जातो. फिरणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपल्या मनात कुठेतरी बसलेले आहे.

वास्तविक सुट्टी ही आपल्याला कोणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती १९४५ ची. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेबांकडे होते. एवढ्या कष्टाने मिळालेली रजा आपण घरातल्या घरात संपवतो, आणि घरातल्या बाईला तर ती मिळतच नाही.

आमच्या मोठ्या जाऊबाईंचेच सांगते. लग्न होऊन पस्तीस वर्षे झाली, दरवर्षी गावी येतात, पण मालवण पाहिलेले नव्हते. गावी आल्यावर त्यांच्या वाट्याला चूल. यंदा मी म्हटले, "वहिनी, दुपारची भांडी झाली की निघायचे." त्या म्हणाल्या, "अगो, रातच्या जेवणाचा काय?" तेव्हा भाऊजी ओट्यावरून म्हणाले, "भात मी टाकतंय, जावा तुम्ही." मुले हसली. पण भात त्यांनीच टाकला, आणि चांगला झाला होता असे नंतर कळले.

मालवणच्या एस. टी. स्टँडवरून भरड नाक्याने खाली उतरले की बाजारपेठ लागते. चिंचोळा रस्ता, कौलारू दुकाने, मध्येच पाटीवर मासळी घेऊन बसलेली बाई. अशा सुट्टीत या रस्त्याला दम लागतो. परगावच्या मोटारी एकमेकींना हटत नाहीत. पायी चालणाऱ्याचे मात्र काही अडत नाही.

बंदर जेटीवर पोचलो तेव्हा किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या थांबल्या होत्या. किल्ला बघायचा तर सकाळीच यावे. पण धक्क्यावरूनही तो डोळे भरून दिसतो. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला, तीन वर्षांत काम पुरे झाले. अठ्ठेचाळीस एकरांचा पसारा, चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आजही काही कुटुंबे किल्ल्यात राहतात. वहिनींनी विचारले, "मीठ-मिरची आणूक त्येंका होडीनच येवचा लागता?" होडीनेच यावे लागते. पावसाळ्याआधी घर भरून ठेवावे लागते.

तिथून किनाऱ्याने राजकोटला जाता येते. सिंधुदुर्गाच्या रक्षणासाठी बांधलेला हा छोटा कोट. इथे ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. साडेतीनशे वर्षे लाटा खाणारा तट समोर उभा असताना हे घडावे, याला काय म्हणायचे? मे २०२५ मध्ये नवा, आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. तो राम सुतार यांच्या शिल्पशाळेने घडवला. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे कामही त्यांच्याकडेच आले.

पुढे रॉक गार्डन. तिथे फोटो काढणाऱ्यांची इतकी दाटी होती की आम्ही न थांबता चिवल्याच्या वाळूवर उतरलो. आणि नशीब बघा, रापण ओढणे चालू होते!

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसे ओढतात. वीस, तीस, कधी त्याहून जास्त. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. मासळी मिळाली की तिचे वाटे पडतात. एक म्हातारबाबा आमच्या पोरांना म्हणाले, "नुसती बघतास काय, हात लावा वाईच, म्हावरा गावतला." पोरे लागली दोरीला. वहिनींनीही पदर खोचला. जाळे वर आले तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. आत थोडे पेडवे, दहा-पंधरा बांगडे, बाकी शेवाळ. एवढ्या माणसांत वाटा तो काय येणार? तरी बाबांनी मुठीभर पेडवे वहिनींच्या पिशवीत टाकलेच.

मासळी का कमी, हे त्या किनाऱ्यावर कोणालाही विचारा. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. रापणकरांची तक्रार आहे की कायदा कागदावर राहतो आणि मोठ्या बोटी झुंडीच्या झुंडी उचलून नेतात. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. तेव्हापासून कित्येकांनी पाहुण्यांना खोल्या दिल्या, होड्या फिरवायला घेतल्या. पोट भरते, पण सुट्टीच्या दिवसांतच.

परतताना काळोख पडला होता. एका खानावळीच्या मागच्या दाराशी तीन बाया वडे थापत होत्या. पुढे माणसांची रांग, मागे कढईची धग. वहिनी तिथे जरा रेंगाळल्या. त्यातल्या एकीला म्हणाल्या, "बाये, तुका सुट्टी कधी?" ती हात न थांबवता म्हणाली, "पावस लागलो काय." तिला ना पगारी रजा, ना रविवार. १९४५ ची दुरुस्ती कारखान्यांपुरती होती, खानावळीच्या मागच्या दारापर्यंत ती पोचलेली नाही.

आम्ही जेवलो नाही, घरी भात तयार होता. बाजारात आल्या-गुळाचे खाजे घेतले, कोकम सरबत प्यालो. सगळा खर्च काय तो तेवढाच, आणि एस. टी. चे भाडे. मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी. त अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवास फुकट, तेव्हा आजीलाही घरी ठेवायचे कारण नाही. कुडाळ स्टेशनहून मालवण तीसेक किलोमीटर. दुपारी तीनच्या आत पोचावे, मुलांना रॉक गार्डनच्या ओल्या खडकांवर चढू देऊ नये, सोबत पाणी आणि चादर घ्यावी. आणि उतरल्याबरोबर परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते स्टँडवरच्या खिडकीत विचारून ठेवावे.