अर्ध्या मार्काची गोष्ट

परवा ताईचा फोन आला. भाचीची विज्ञानाची चाचणी झाली होती आणि एका प्रश्नाला एकापैकी अर्धाच मार्क मिळाला होता. प्रश्न: 'केंद्रकपटलाचे कार्य लिहा.' आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं होतं, 'केंद्रकात काय जायचं आणि केंद्रकातून काय बाहेर यायचं ते ठरवणं.' अपेक्षित उत्तर होतं, 'केंद्रकाचे संरक्षण करणे.' ताई म्हणाली, "तू बॉटनीवाला ना, मग तूच समजाव तिला. पुस्तकातलं लिहायचं असतं म्हणावं."

आणि मी खरंच तसं सांगितलं! "पुस्तकातलं लिही गं, मार्क जातात." ती "बरं मामा" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या "बरं मामा"ने दोन दिवस पिच्छा सोडला नाही, म्हणून हे लिहितोय.

कांद्याचा पापुद्रा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आयोडीनचा थेंब, वर काचपट्टी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विटा रचल्यासारख्या पेशी. प्रत्येकीत एक ठिपका. ऑर्किडच्या पेशींत तोच ठिपका बघून रॉबर्ट ब्राऊनने 1831 साली त्याला न्यूक्लियस म्हटलं. ठिपक्याभोवती जी रेघ आपण जर्नलमध्ये पेन्सिलीने काढायचो, ते केंद्रकपटल. एक गोल काढला, बाण केला, नाव लिहिलं, संपलं. म्हणजे जणू बंगल्याभोवतीचं कंपाऊंड!

खरं तर ते कंपाऊंड नाही. ते दोन पदरी असतं, आणि बाहेरचा पदर पेशीभर पसरलेल्या आंतर्द्रव्यजालिकेशी सलग असतो. शिवाय त्याला ठिकठिकाणी छिद्रं असतात. छिद्र म्हटलं की भोक डोळ्यासमोर येतं, पण हे एकेक छिद्र म्हणजे साधारण तीस प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेली चौकी आहे. लहान रेणू सहज जातात. मोठ्या प्रथिनाला मात्र अंगावर पत्ता असावा लागतो, आणि तो पत्ता वाचून आत नेणारी वाहक प्रथिनं वेगळी असतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर डीएनए आत, आणि प्रथिनं बनवणारे रायबोझोम बाहेर. आत जनुकाची नक्कल होते, तिच्यातले नको ते तुकडे कापले जातात, आणि मगच ती बाहेर जाते. जिवाणूंना केंद्रकपटल नसतं. तिथे नक्कल पूर्ण व्हायच्या आधीच प्रथिन बनायला सुरुवात होते. म्हणजे हे पटल पेशीला दुरुस्तीसाठी वेळ मिळवून देतं. 'संरक्षण' या एका शब्दात यातलं काय येतं, सांगा बरं?

वनस्पतींची तर आणखी मजा आहे. प्राण्यांच्या केंद्रकपटलाला आतून लॅमिन नावाच्या प्रथिनांचं अस्तर असतं. वनस्पतींत लॅमिन नाहीच. त्यांनी तेच काम दुसऱ्या प्रथिनांकडून करून घेतलंय, आणि त्यातलं पहिलं चक्क गाजराच्या पेशींत सापडलं. फुलझाडांच्या पेशींत सेंट्रिओलही नसतात. मग विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढणारे धागे कुठून निघणार? त्यातले बरेचसे विभाजनाच्या तयारीत केंद्रकपटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरूनच उभे राहायला लागतात. नंतर पटल विरघळल्यासारखं होऊन आंतर्द्रव्यजालिकेत मिसळतं, आणि दोन नव्या केंद्रकांभोवती पुन्हा उभं राहतं. रक्षण करणारी भिंत ऐन मोक्याच्या वेळी स्वतःच बाजूला होते!

पण मला सगळ्यात आवडतो तो लसूणघासाचा किस्सा. हो, तोच, गावाकडे गुरांना घालतात तो. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि गाठींत हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू. गाठ बनायच्या आधी जिवाणू मुळाजवळ येऊन एक रासायनिक निरोप देतात. निरोप घेतला जातो पेशीच्या बाहेरच्या पटलावर, पण गाठ बनवायची की नाही हे ठरतं केंद्रकात. 1996 साली लसूणघासाच्या मूलरोमांत असं दिसलं की हा निरोप मिळाल्यावर थोड्याच वेळात केंद्रकाभोवती कॅल्शियमची पातळी ठराविक लयीत वरखाली होऊ लागते, साधारण मिनिटा-दोन मिनिटाला एक ठोका. हे कॅल्शियम साठलेलं असतं केंद्रकपटलाच्या दोन पदरांच्या मधल्या फटीत आणि तिला जोडलेल्या जालिकेत. पटलातच त्याची ये-जा सांभाळणारी प्रथिनं आहेत. त्यातल्या दोघांची नावं कॅस्टर आणि पोलक्स, ग्रीक कथेतल्या जुळ्या भावांवरून. लोटस नावाच्या एका शेंगवर्गीय रोपात यातलं एक जरी बिघडलं तरी ठोके पडत नाहीत आणि गाठी येत नाहीत.

म्हणजे डाळवर्गीय पिकानंतर जमीन सुधारते म्हणून आपण जे म्हणतो, त्याच्या मुळाशी ही पेन्सिलची रेघ आहे.

आता मास्तरांची बाजूही सांगतो. साठ वह्या, शेजारी ठेवलेलं नमुना उत्तर, वेळ कमी. त्यांना दोष देऊन काय होणार? 'संरक्षण' हे उत्तर चूक नाहीच, पण अर्धं आहे. माझं म्हणणं एवढंच, की प्रश्न थोडा बदला. 'केंद्रकपटल नसतं तर काय झालं असतं?' असं विचारा. पाठांतर करणारी पोरं थांबतील, आणि विचार करणाऱ्यांना लिहायला जागा मिळेल.

आणि भाचीबाई, हे तुझ्यासाठी. (ताई, तू रागावू नकोस.) मी त्या दिवशी चुकीचा सल्ला दिला. तुझं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा खऱ्याच्या जवळ होतं. पुढच्या वेळी दोन्ही लिही: 'संरक्षण' आधी, मार्कांसाठी, आणि तुझं वाक्य त्याच्याखाली. ते मात्र खोडू नकोस.

असो. दिवाळीला या, कांदा आणि आयोडीन माझ्याकडून.