ऑर्कची बुद्धी वजा दोन कोणी केली?



स्वप्ने, राक्षस, जादूगार यांच्या खेळाशी आंबेडकरी चळवळीचा काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध थेट आहे. या खेळात माणसे कागदावर अख्खे जग उभे करतात आणि सुरुवातीलाच ठरवतात की जन्मतः शहाणा कोण, जन्मतः मठ्ठ कोण आणि कोणाला मारले तरी पाप लागत नाही. आपल्या देशात हेच काम एका स्मृतीने केले होते. ती स्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली. म्हणून नियमांचे पुस्तक दिसले की ते कोणी लिहिले हे आधी विचारायची आपल्याला सवय आहे. तीच सवय इथे वापरू.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, तो जग आणि त्यातले जीव सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि फासे टाकून गोष्ट पुढे नेतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे आपल्याकडच्या तरुणांनाही हे नाव कळले. प्रत्येक पात्राला सहा गुणांचे आकडे असतात: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव.

आता ऑर्क पाहा. टॉल्किनच्या कादंबऱ्यांमधून आलेला हा जीव. २०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ऑर्कच्या नावाखाली त्याचा स्वभाव छापला आहे: दुष्ट. एखादा ऑर्क दुष्ट असे नाही, ऑर्क म्हटला की दुष्ट. २०१६ मध्ये ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ आले. त्यात खेळाडूने ऑर्क पात्र घेतले तर ताकद अधिक दोन आणि बुद्धी वजा दोन. म्हणजे अंगमेहनत याच्या वाट्याला, विचार दुसऱ्याच्या वाट्याला, आणि हे जन्माने ठरलेले. समाजशास्त्रात याला जन्माधारित दर्जा म्हणतात. आपल्या आजोबा-पणजोबांना त्याचे शास्त्रीय नाव माहीत नव्हते, अनुभव मात्र रोजचा होता.

टीका झाली तेव्हा कंपनी हलली. २०२० मध्ये जन्माने मिळणारे गुण इकडचे तिकडे करायची मुभा आली. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ आला, ऑर्क इतरांच्या बरोबरीने खेळायच्या यादीत बसला आणि गुणांची वाढ जन्माऐवजी पार्श्वभूमीवरून मिळू लागली. हा बदल चांगला आहे आणि तो लोकांनी बोलल्यामुळे झाला, हे आम्ही मानतो.

पण नवी यादी नीट वाचा. शेतकरी ही पार्श्वभूमी घेतली तर वाढवता येणारे गुण तीन: ताकद, चिवटपणा, शहाणपण. सरदार घेतला तर ताकद, बुद्धी, प्रभाव. शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी नाही! जन्म काढला, पण धंद्याला गुण चिकटून राहिले. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवला होता. तो समजला नाही तर नाव बदलते आणि उतरंड तशीच राहते. सूत्रधाराला नवी पार्श्वभूमी घडवण्याची मुभा या खेळात आहे, ती आपण वापरली पाहिजे.

याच पुस्तकांत आपल्याकडून नेलेले दोन जीव आहेत: राक्षस आणि नाग. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधला राक्षस वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा, कपटी आणि दुष्ट. नाग म्हणजे माणसासारख्या तोंडाचे प्रचंड साप. त्यातले काही चांगले, काही वाईट, पण सगळे सापच. अमेरिकेतल्या लेखकांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी हाताला लागलेल्या गोष्टी उचलल्या. पण त्या गोष्टी कोणी सांगितल्या होत्या? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त राक्षस म्हणजे रक्षण करणारे असा अर्थ लावला आणि पुराणकथा हरलेल्यांच्या बाजूने वाचून दाखवली. बाबासाहेबांनी नाग हे माणसांचे लोकसमूह होते असे मांडले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्यांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगितले, तेव्हा बुद्धधम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचीच आठवण दिली. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहराच्या नावातले लोक जगभरच्या टेबलांवर साप म्हणून मारले जातात. हरलेल्या माणसाला आधी राक्षस करायचे आणि मग त्याला मारणाऱ्याला वीर म्हणायचे, ही पद्धत खेळापेक्षा फार जुनी आहे. खेळाने ती फक्त आकड्यांत मांडली.

आता स्वप्नांकडे येऊ. याच खेळासाठी कीथ बेकर यांनी ‘एबेरॉन’ नावाचे जग रचले, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वप्नांचा एक वेगळा लोक आहे, दाल क्वोर. तिथे क्वोरी नावाचे जीव राहतात. त्यांना माणसांच्या जगात देहाने येता येत नाही, म्हणून ते निवडलेल्या माणसांच्या शरीरात शिरून रिएड्रा नावाच्या देशावर राज्य करतात. तिथल्या जनतेला धर्म शिकवला जातो की आत्मा जन्मोजन्मी वर चढतो, नेमून दिलेले काम मुकाट्याने केले तर पुढचा जन्म चांगला मिळतो आणि राज्यकर्ते सर्वांत वर पोहोचलेले आहेत. देशभर प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्यांच्यामार्फत लोकांना रात्री कोणते स्वप्न पडावे हेही सरकारच ठरवते. तिथे बंड होत नाही, कारण वेगळ्या आयुष्याचे स्वप्नच कोणाला पडत नाही.

ओळखीचे वाटले ना? बेकर यांनी हे भारतावर लिहिले असा आमचा दावा नाही. पण कर्मविपाकाचा हिशेब गुलामाच्या डोक्यात बसवला की पहारेकरी कमी लागतात, हे त्यांनी अचूक पकडले आहे.

या जगातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. क्वोरींना भीती आहे की स्वप्नलोकाचे युग पालटले की आपण नष्ट होऊ. म्हणून त्यांना ते चक्र थांबवायचे आहे. पण त्यांच्यातलेच सदुसष्ट जण हे नाकारतात, पळून अदार नावाच्या डोंगराळ प्रदेशात येतात आणि माणसांशी एकरूप होतात. त्यांचे वंशज कलाश्तार. त्यांना स्वप्ने पडत नाहीत, पण ध्यानाच्या बळावर ते युग पालटवण्याचा प्रयत्न करतात. इथे दुष्टपणा रक्तात ठेवलेला नाही, व्यवस्थेत ठेवला आहे. म्हणून क्वोरीसुद्धा ‘नाही’ म्हणू शकतो. २०१४ च्या ऑर्कला ही सोय नव्हती.

बौद्ध परंपरेत ही रीत पहिल्यापासून आहे. सुत्तनिपातातला आळवक यक्ष बुद्धांना दरडावतो, आत ये, बाहेर जा म्हणतो. चौथ्यांदा बुद्ध नकार देतात. मग यक्ष प्रश्न विचारतो, उत्तरे ऐकतो आणि बदलतो. त्याच्यासाठी तलवार काढावी लागली नाही. आणि बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधले महामायेचे स्वप्न आठवा. त्यात बोधिसत्त्व सुमेध तिच्यासमोर येतो आणि माझी आई होशील का असे विचारतो. ती होकार देते. रिएड्रातले स्वप्न न विचारता डोक्यात शिरते, महामायेच्या स्वप्नात संमती मागितली जाते. स्वप्नातसुद्धा हुकूम आणि संवाद यांत एवढे अंतर असू शकते.

काही कार्यकर्ते म्हणतील, आपण विवेकवादी, मग ही भुताखेतांची करमणूक कशाला? आमचे उत्तर असे. अंधश्रद्धेत माणूस कल्पनेला सत्य मानतो आणि कोणीतरी त्याच्या भीतीवर पोट भरतो. या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते की हे आपण रचले आहे, आणि नियम पटला नाही तर चर्चा करून तो बदलता येतो. ज्या मुलाला एकदा कळले की नियम माणसे लिहितात, त्याला ‘हे देवाने ठरवले आहे’ असे सांगून गप्प बसवणे अवघड जाते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हीच गोष्ट मुलांपर्यंत पोहोचवायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. पुस्तके महाग आहेत हे खरे. पण जानेवारी २०२३ मध्ये खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली आले. कोणीही ते वापरून स्वतःचे जग रचू शकते, मराठीतही. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर अभ्यासिकेत खेळ सुरू होतो.

फक्त जग रचताना चार प्रश्न विचारा. या जगात कोणाचा स्वभाव जन्माने ठरवला आहे? मारायला ठेवलेल्या जिवाची बाजू कोण सांगतो? लोकांची स्वप्ने कोणाच्या ताब्यात आहेत? आणि गुलाम सुटले तर कोणी सोडवले? चौथा प्रश्न उगाच नाही. २०२२ मध्ये ‘स्पेलजॅमर’मध्ये हॅडोझी नावाचे माकडासारखे लोक आले. त्यांना गुलाम करणाऱ्या जादूगाराच्या शिष्यांनीच त्यांना सोडवले, अशी कथा होती. जोरदार टीका झाली, कंपनीने माफी मागून तो मजकूर काढला. स्वतःच्या मुक्तीच्या गोष्टीतही गुलामाला प्रेक्षक म्हणून बसवणारे लेखन आपण ओळखतो. महाडच्या तळ्यावर लोक स्वतःच्या पायांनी गेले होते.

तेव्हा तरुण मित्रांनो, खेळा. ऑर्कला शाळेत पाठवा, शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी लिहा, नागांना माणसे करा. दुसऱ्याने रचलेल्या जगात आपल्या वाट्याला काय आले हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. आता आपण रचलेल्या जगात दुसऱ्यांच्या वाट्याला काय येते, याची परीक्षा आपली आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.