पूल रुंद झाला, जुन्या खांबांचे काय?

- विशेष प्रतिनिधी

महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले की काम अडते ते वाटेतल्या जुन्या पुलांपाशी. तेथे दोन पर्याय असतात. शेजारी स्वतंत्र पूल उभारायचा, किंवा आहे त्याच पुलाला नव्या मार्गिका जोडून तो रुंद करायचा. दुसरा पर्याय अनेकदा स्वस्त आणि झटपट ठरतो. भूकंपाच्या दृष्टीने मात्र तो दिसतो तितका सोपा नाही. नवा भाग आजच्या निकषांनुसार बांधला जातो. तो ज्या जुन्या भागाला जोडायचा त्याची तपासणी कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. देशाचे पहिले भूकंपविषयक मानक १९६२ मध्ये आले, तेव्हा दख्खनचे पठार जवळपास निर्धोक मानले जात होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने ही समजूत मोडीत काढली. १९७० मध्ये नकाशातील 'शून्य' विभाग रद्द झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागही नकाशातून गेला. नकाशे बदलले, पण त्यापूर्वीचे पूल जुन्याच गणितावर उभे आहेत.

एकत्र हलणारे दोन पूल

नवा आणि जुना डेक एकसंध जोडला की भूकंपात दोन्ही भागांना सारखेच हलावे लागते. नव्या खांबांत उभ्या सळयांभोवती जवळजवळ कड्या असतात. त्यामुळे ते वाकले तरी तुटत नाहीत. जुन्या खांबांत या कड्या विरळ असतात आणि तेवढ्याच हालचालीत ते फुटू शकतात. शिवाय जो खांब अधिक ताठर, तो अधिक बल स्वतःकडे ओढून घेतो. त्यात नव्या डेकच्या वजनाची भर पडते. थोडक्यात, रुंद केलेल्या पुलाची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या खांबाइतकीच राहते.

दोन्ही भाग न जोडता मध्ये फट ठेवली, तर ती पुरेशी हवी. अन्यथा ते एकमेकांवर आदळतात. तुळया ज्या टेकूवर बसतात तो अरुंद असल्यास त्या घसरून खाली येण्याचा धोका वेगळाच.

अनुभवाचे धडे

१९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने तुळया घसरू नयेत म्हणून त्या पोलादी दोरांनी बांधल्या. खांबांचे मजबुतीकरण मात्र मागे राहिले. १९८९ मध्ये ओकलंडचा सायप्रस उड्डाणपूल कोसळून ४२ जण मृत्युमुखी पडले. १९९५ मध्ये जपानमधील कोबे येथे हानशिन द्रुतगती मार्गाचा सुमारे ६३५ मीटरचा उन्नत भाग आडवा झाला. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात कच्छला जोडणाऱ्या सुरजबारी येथील जुन्या पुलाच्या बेअरिंगना इजा झाली आणि शेजारी बांधकाम सुरू असलेल्या नव्या पुलाचीही हानी झाली. मदतीची सर्वाधिक गरज असतानाच रस्ता अडला.

उपाय अज्ञात नाहीत. खांबांभोवती काँक्रीट अथवा पोलादाचे वेष्टन, टेकूची रुंदी वाढविणे, तुळयांना अटकाव, जुन्या बेअरिंगच्या जागी नव्या बसविणे आणि गरजेनुसार पायाचे बळकटीकरण, हे सर्व करता येते. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१८ मध्ये पुलांच्या भूकंपीय आरेखनासाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली.

मात्र हा खर्च वाहनचालकाला दिसत नाही. वाढलेली मार्गिका दिसते. म्हणूनच जुन्या खांबांची आणि पायाची तपासणी रुंदीकरणाच्या निविदेतच समाविष्ट झाली पाहिजे. मजबुतीकरणाचा खर्च धरल्यावर स्वतंत्र पूलच किफायतशीर ठरत असेल, तर तो हिशेबही आधीच मांडला जावा. रुंदीकरणाच्या वेळी पूल तसाही कामगारांच्या हाती असतो. ती संधी दवडली, तर पुढची तपासणी भूकंपच करील.