पेट्रोलच्या गाडीला बॅटरी : किट घेण्याआधी हिशेब मांडा

बिडकीन-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात २०२४ पासून विजेवरच्या गाड्यांची भाषा वाढली आहे. जून २०२४ मध्ये एथर कंपनीने बिडकीनला वर्षाला दहा लाख स्कूटर काढू शकेल असा कारखाना जाहीर केला, पुढच्याच महिन्यात टोयोटा-किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला. त्याआधी २०२२ साली शहरातल्या उद्योजकांनी एकत्र येऊन इलेक्ट्रिक मोटारींची घाऊक खरेदी केली होती. २०१० साली एकदम दीडशे मर्सिडीज घेणारं हे शहर, त्यामुळे त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

गावाकडचा प्रश्न मात्र निराळा आहे. दारात दहा-बारा वर्षांची स्प्लेंडर उभी, इंजिन धूर सोडतंय, पेट्रोल शंभरीच्या वर गेलेलं. नवीन ई-स्कूटर घ्यायची तर लाखाच्या घरात जाते, आणि तिच्यावर खताचं पोतं किंवा दुधाचे कॅन नीट बसत नाहीत. मग कुणीतरी सांगतं, "इंजिन काढून टाका, मोटर-बॅटरी बसवून घ्या, खर्च संपला." शिबिरात पीक विम्याचं बोलणं संपलं की आता हाच विषय निघतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा कागदाचं बघू, कारण नुकसान तिथंच मोठं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत मूळ रचना बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. पेट्रोलच्या गाडीला विजेचं किट बसवायला मनाई नाही. त्यासाठी नियमांत तरतूद आहे आणि एआयएस-१२३ हे मानकही आहे. पण अट अशी, की ते किट एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने मान्य केलेलं पाहिजे, आणि तेही तुमच्याच मॉडेलच्या गाडीसाठी. स्प्लेंडरची मान्यता दाखवून दुसऱ्या कंपनीच्या गाडीला किट बसवलं, तर तो कागद काही कामाचा नाही. किट बसवल्यावर आरटीओत गाडी दाखवायची, आरसी बुकावर इंधनाच्या रकान्यात बदल करून घ्यायचा, हिरवी नंबरप्लेट लावायची आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. आरसीवर पेट्रोल आणि गाडीत बॅटरी अशा अवस्थेत रस्त्यावर कुणाला धडक बसली, तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. नुकसानभरपाईचा दावा मग मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येतो. गाडीवर फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचीही संमती लागेल. आणि आरसीची पंधरा वर्षांची मुदत सरत आली असेल, तर आधी नूतनीकरण होईल का ते विचारा, मग किटचं बघा.

सायकलचं तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमाप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते मोटार वाहनच धरलं जात नाही. नोंदणी नको, लायसन नको. पण दुकानदार ५०० किंवा १००० वॅटची मोटर सायकलला बसवून "काही लागत नाही" म्हणत असेल, तर ते चुकीचं आहे. तशी सायकल कायद्याच्या दृष्टीने बिननोंदणीची मोटारसायकल ठरते. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हाती ती देताना एवढं ध्यानात असू द्या.

आता बॅटरीकडे येऊ. किटमध्ये मोटर, कंट्रोलर, थ्रॉटल, वायरिंग असतं, पण खरा पैसा बॅटरीत आहे आणि फसवणूकही तिथंच होते. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही, कारण विहीर आणि पंपाचाच हा हिशेब आहे. विहिरीत पाणी किती, ते बॅटरीची साठवण सांगते. पंप किती एचपीचा, ते मोटरचे वॅट सांगतात. मोठा पंप बसवला म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही, उलट लवकर उपसतं.

साठवण काढायची रीत सोपी आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर, आणि हजार वॅट-अवर म्हणजे लाईट बिलावरचं एक युनिट. सायकलची ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी ३६० वॅट-अवरची, म्हणजे जेमतेम पाव युनिटापेक्षा थोडी जास्त. पायडल मारत गेलं तर सायकलला किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर पुरतात, तीसेक किलोमीटर जाता येतं. नुसता थ्रॉटल पिळत, मागं ओझं घेऊन गेलं तर वीस किलोमीटरवर ती दम सोडते. मोटारसायकलला साध्या रस्त्यावर किलोमीटरला तीसच्या आसपास वॅट-अवर धरा. डबलसीट, घाट, पाणंदीतला चिखल असेल तर चाळीस धरा.

हा आकडा हाताशी असला की जाहिरात तपासता येते. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीच्या स्प्लेंडर किटला २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा राज्यभर त्याची बातमी झाली होती. किट पस्तीस हजारांच्या आसपास, बॅटरी पन्नास हजारांच्या आसपास, करासह सगळं मिळून पंच्याण्णव हजारांच्या घरात, बॅटरी २.८ युनिटची आणि एका चार्जिंगला १५१ किलोमीटर, असे आकडे त्या वेळी छापून आले. २८०० ला १५१ ने भागा, किलोमीटरला साडेअठरा वॅट-अवर येतात. सपाट रस्ता, एकटा माणूस, बेताचा वेग असेल तर ते जमेलही. पण फुलंब्रीहून चौक्याचा घाट उतरून जाधववाडीला भाजी नेणाऱ्या माणसाने परतीचा चढ धरून तीसनेच भागावं. उत्तर नव्वदच्या थोडं वर येतं. नव्वद किलोमीटर काही वाईट नाहीत! फुलंब्री ते जाधववाडी जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास होतात, काम आरामात भागतं. पण १५१ च्या भरवशावर जो पैठणला जाऊन शहरात आणि शहरातून परत गावी यायला निघेल, तो रात्री रस्त्यावर गाडी ढकलेल.

बॅटरीचे प्रकार तीन समजा. पहिली लेड-ॲसिड, आपल्या इन्व्हर्टरसारखी. स्वस्त, पण जड. पूर्ण उतरवली की लवकर मरते, म्हणून तिची निम्मीच साठवण खरी धरायची. तीनशे-चारशे वेळा चार्ज झाली की तिचा जोर गेला. किट विकणारा "स्वस्तात बसवून देतो" म्हणतो तेव्हा बहुधा हीच असते. दुसरी लिथियमची एनएमसी, हलकी आणि जोरदार, पण उष्णतेला नाजूक. आठशे-हजार चार्जिंगचं तिचं आयुष्य. तिसरी लिथियमचीच एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. वजन नि आकार थोडा जास्त, पण उष्णता सोसते, सहजी पेट घेत नाही आणि दोन हजारांच्या पुढे चार्जिंग देते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात एलएफपीच घ्यावी, दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील. दोन्हींतला फरक ओळखायची एक खूण सांगतो. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो, एनएमसीचा ३.६ किंवा ३.७ चा. डब्यावर किती सेल ओळीने जोडलेत ते लिहिलेलं असतं, भागाकार करून बघा.

बॅटरीत बीएमएस नावाचं एक कार्ड असतं. एकेका सेलवर लक्ष ठेवणं, जास्त चार्ज किंवा जास्त गरम झालं की बंद करणं, हे त्याचं काम. नवख्या माणसाकडून इथंच घोटाळा होतो. कंट्रोलर ४० अँपिअर ओढणारा आणि बीएमएस ३० अँपिअरचा, अशी जोडी बसवली तर चढाला गाडी गपकन बंद पडते. हे म्हणजे साडेसात एचपीच्या मोटरीला तीन एचपीचा स्टार्टर लावल्यासारखं झालं. बीएमएसचे अँपिअर कंट्रोलरपेक्षा जास्तच पाहिजेत, व्होल्ट दोन्हीकडे सारखे पाहिजेत आणि चार्जर त्याच बॅटरीचा पाहिजे. शेजाऱ्याचा चार्जर पिनमध्ये बसला म्हणून लावू नये, बॅटरी निराळी असेल तर तो आग लावील.

आगीचं बोलणं निघालंच आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली, त्याच सुमारास देशात आणखीही घटना झाल्या. त्यानंतर बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं गेलं. सुधारित अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. बॅटरीवर हा उल्लेख आणि चाचणीचा दाखला मागा. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून, निळी प्लास्टिकची पट्टी गुंडाळून विकलेली बॅटरी घरात आणू नका. आपल्याच शहरात छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरच्या कापड-शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा धुराने गुदमरून जीव गेला. चार्जिंगला लावलेल्या ई-बाईकची तेव्हा शहरभर चर्चा झाली. वर माणसं झोपलेली आणि बाहेर पडायची वाट खालूनच, अशा जागी कुठलीही बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. गावात बहुतेकांना अंगण आहे. ओट्यावर, सावलीत, कडबा आणि सरकीच्या पोत्यांपासून लांब, माणूस जागा असताना चार्ज करा. उन्हातून आल्याबरोबर लगेच लावू नका, अर्धा-पाऊण तास निवू द्या.

वीज कुठली वापरायची, हाही प्रश्न आहे. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला हरकत नाही. पण काही जण शेतातल्या पंपाच्या लाईनवर बॅटरी लावतात. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून बळीराजा मोफत वीज योजना आहे, मग "फुकटच आहे की" असं वाटतं. ती वीज पंपासाठी दिलेली आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरून दंडाचं बिल येतं. शिवाय शेती फीडरवर व्होल्टेज वर-खाली होतं, त्यात चार्जर जातो तो वेगळाच. सौर पंपाच्या पॅनेलला परस्पर वायर जोडून बॅटरी भरायची युक्तीही करू नका, पंपाची हमी त्यात जाईल.

आता परवडतं का? पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज ५५ धरलं तर किलोमीटरला एक रुपया नव्वद पैसे पडतात. विजेचं, चार्जिंगमधली घट धरून किलोमीटरला ३५ वॅट-अवर आणि युनिटला दहा रुपये धरले, तर पस्तीस पैसे. म्हणजे किलोमीटरमागं दीड रुपया वाचला. दूधवाला, भाजीवाला, रोज पन्नास किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस फिरला, तर पंधरा हजार किलोमीटर होतात, साडेबावीस हजार वाचतात. पंच्याण्णव हजार खर्च केला तरी सव्वाचार वर्षांत वसूल, आणि एलएफपी बॅटरी त्यानंतरही चालत राहील. पण ज्याचं येणं-जाणं घर, शेत, सोसायटी आणि आठवडी बाजार मिळून दिवसाला बारा किलोमीटर आहे, त्याचे वर्षाला साडेपाच हजारही वाचत नाहीत. सतरा-अठरा वर्षं लागतील. तोवर गाडीची चेसिस तरी राहील का? अशा माणसाने जुनी गाडी आहे तशी वापरावी, किंवा सायकलला २५० वॅटचं किट लावावं. सायकलची बॅटरी भरायला तीन-चार रुपये लागतात, आणि किट मागच्या चाकालाच बसवा. पुढच्या फोर्कवर मोटरचा जोर पडून तो वाकतो. सायकलचे ब्रेक मात्र नवे टाका.

अनुदानाचं बरेच जण विचारतात. पीएम ई-ड्राइव्ह ही ऑक्टोबर २०२४ पासूनची केंद्राची योजना नव्या वाहनांसाठी आखलेली. जुन्या गाडीला किट बसवणाऱ्याला त्यात काही नाही. "सबसिडी मिळवून देतो, आधार आणि पासबुक द्या" म्हणणारा आला तर कागद देऊ नका. ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींनी हे ग्रामसभेत एकदा सांगितलं तर बरं होईल, लोक त्यांच्याकडेच आधी विचारायला येतात.

बिलाचंही तसंच. लिथियम बॅटरीवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून "बिनपावतीची घ्या, आठ-नऊ हजार वाचतील" असं सुचवलं जातं. पावती नाही तर हमी नाही, आणि पन्नास हजारांची बॅटरी सहा महिन्यांत फुगली तर दाद कुठं मागणार? पावतीवर बॅटरीचा नंबर, प्रकार, व्होल्ट, अँपिअर-अवर आणि हमीची मुदत लिहून घ्या. हमीत साठवण किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळेल, ते विचारा. नुसतं "तीन वर्षं गॅरंटी" याला अर्थ नाही. बॅटरी संपल्यावर ती भंगारात फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत जमा होतील हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा परत घेताना काय देणार हेही खरेदीच्या दिवशीच ठरवून पावतीच्या पाठीमागं लिहून घ्या.