फुरसे आपले, औषध परक्यांचे

वसईच्या भातखाचरांपासून सिंधुदुर्गाच्या कातळांपर्यंत फुरसे ठाऊक नाही असा माणूस विरळाच. दिसले की ठेचायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध! या हात-दीड हात लांबीच्या सापाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे प्रथिन असते. ते रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच धर्तीवर मर्क या अमेरिकी कंपनीने टिरोफिबॅन हे हृदयविकारावरील औषध घडविले. १९९८ साली त्यास तेथे मान्यता मिळाली.

कर्करोगाच्या पेशी शरीरात पसरतात त्या इतर ऊतींना धरून. ही पकड इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांची. एकिस्टॅटिन नेमके त्यांच्यावरच जाऊन बसते आणि पेशीला धरायला जागा उरत नाही. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस मार्कलंड यांनी तिकडील कॉपरहेड सापाच्या विषातील अशाच प्रथिनाने उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव घटवून दाखविला. माणसांसाठी मात्र यातून कर्करोगावरील मान्यताप्राप्त औषध अद्याप झालेले नाही. तेव्हा सर्पविषाने कर्करोग बरा करतो म्हणणाऱ्या वैदूच्या नादी कुणी लागू नये.

खंत निराळीच आहे. परळची हाफकिन संस्था १८९९ सालची. सर्पदंशावरील लशीसाठी घोड्यांना टोचायला फुरशाचे विष आपण पिढ्यान्‌पिढ्या हाताळले. त्यातून औषध सुचले ते दुसऱ्यांना. टाटा स्मारक केंद्राची कर्करोगाची संशोधनशाळा खारघरला, म्हणजे खाडीपलीकडेच आहे. कोकणातील फुरशाच्या विषावर या दोन संस्थांचा संयुक्त प्रकल्प राज्य शासनाने हाती घ्यावा, आणि वसई-विरारच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधानसभेत मांडावी.